डाव्या पायाचा ठोका

शाळेच्या बँडमध्ये जो मोठा ड्रम वाजवतो त्याला स्वतःचे पाय दिसत नाहीत. पोटाशी ड्रम, दोन्ही खांद्यांवरून आलेले पट्टे, तोल सावरायला किंचित मागे झुकलेली पाठ, आणि ड्रमच्या कडेवरून दिसणाऱ्या पुढच्या मुलांच्या टोप्या. रस्त्यात खड्डा आहे, शेण आहे की पाणी साचलंय, हे पुढची टोपी कशी हलते त्यावरून ओळखायचं. नंदुरबारच्या रस्त्यांवरून मी असा वर्षभर चाललो. पन्नाशी उलटली, तरी लांबून कुठे बँडचा आवाज आला की आधी खांद्यावर पट्ट्याची जागा जाणवते, मग कानाला सूर कळतो.

मी १९८६ साली आठवीत गेलो. नंदुरबार तेव्हा धुळे जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव होतं, जिल्हा व्हायला अजून बारा वर्षं होती. गावात मराठी, अहिराणी, गुजराती आणि भिली अशा चार भाषा एकाच दुकानाच्या ओट्यावर ऐकू यायच्या. भुसावळहून सुरतेकडे जाणारी रेल्वे गावातून जाते, आणि आमच्या बँडची वाद्यं त्याच रेल्वेने पार्सल होऊन आली होती, मेरठहून. बँडची वाद्यं म्हटलं की देशभरातल्या लोकांना मेरठच आठवतं. तिथल्या जली कोठी भागात पिढ्यान्‌पिढ्या पितळ ठोकून तुताऱ्या, बिगुल आणि ड्रम बनवणारी घरं आहेत, आणि नादिर अली अँड कंपनी हा तिथला जुना कारखाना १८८५ सालचा. आमच्या मोठ्या ड्रमच्या आतल्या बाजूला, कातडं बदलायला काढलं तेव्हा, लाकडावर पेन्सिलीने हिंदीत लिहिलेले दोन आकडे दिसले होते. कुणा कारागिराचं माप असणार. इतक्या लांबच्या एका माणसाने आपल्या ड्रमच्या पोटात काही लिहून ठेवलंय, याचं मला कितीतरी दिवस अप्रूप वाटत राहिलं.

बँड मोठा नव्हता. एक मोठा ड्रम, सहा साइड ड्रम, चार बिगुल, आठ बासऱ्या, झांजांची एक जोडी आणि एक त्रिकोण. साइड ड्रमच्या खालच्या कातड्यावर तारा ताणलेल्या असतात, वर काडी पडली की त्या तारा थरथरतात आणि तो कोरडा, कुरकुरीत आवाज निघतो. तारा सैल झाल्या तर तोच ड्रम डबडब वाजतो, पत्र्याच्या डब्यासारखा. बिगुलाला कळ नसते, भोकं नसतात, ओठ जितके आवळाल तितका वरचा सूर, आणि सगळे मिळून कामाचे पाच. त्या पाच सुरांत सलामी, जमा होण्याची हाक, झेंडा उतरवण्याची हाक असं सगळं बसवायचं. बिगुल वाजवणाऱ्या मुलांचे ओठ डिसेंबरात फुटायचे, आणि घरून आणलेली तुपाची डबी एकाकडून दुसऱ्याकडे फिरायची.

सराव नोव्हेंबरपासून सुरू व्हायचा, शाळा सुटल्यावर. नंदुरबारात तो मिरचीचा हंगाम असतो. गावाबाहेरच्या पथाऱ्यांवर लाल मिरची वाळत घातलेली असते, एकेका पथारीवर जिथवर नजर जाईल तिथवर लाल. वारा तिकडून आला की मैदानावर ठसका लागायचा. ड्रमवाल्यांचं निभायचं, बासरीवाल्यांची मात्र दैना. श्वास भरून घेतला की घसा धरायचा. सर म्हणायचे, "खोकून घ्या, मग फुंका. सूर मधेच तुटू देऊ नका." २६ जानेवारीला फेरी निघायची तेव्हाही हवेत तोच तिखट वास. प्रजासत्ताक दिन म्हटलं की कुणाला जिलेबी आठवते, कुणाला इस्त्रीचा पांढरा शर्ट. मला वाळत्या मिरचीचा वास येतो.

आमचे पी.टी.चे सर अमरावतीला शिकलेले, श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात. १९१४ साली वैद्य बंधूंनी काढलेली ती संस्था. तिथली मंडळी १९३६ साली बर्लिनला ऑलिंपिकच्या वेळी जाऊन देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवून आली होती. सर ते असं सांगायचे, जणू आपणच त्या बोटीत होतो. त्यांच्याकडे शिट्टी होती, पण ती ते क्वचितच वाजवत. आज्ञा हिंदीतून, एनसीसीतल्यासारख्या: सावधान, विश्राम, बाएँ मुड, तेज चल, थम. खेड्यांतून आलेल्या कितीतरी मुलांचं पहिलं हिंदी हेच होतं.

सरांनी मला मोठा ड्रम दिला तो माझ्या खांद्यांकडे बघून. मी वर्गात सगळ्यात आडव्या अंगाचा. पहिल्याच दिवशी त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढून माझ्या हातात ठेवलं.

"सेकंद काटा बघ. लष्करी चालीत मिनिटाला १२० पावलं पडतात. मोठा ड्रम वाजतो डाव्या पायावर. म्हणजे मिनिटाला किती ठोके?"

"साठ, सर."

"सेकंदाला एक. तू घड्याळ आहेस. घड्याळ पुढे गेलं की सगळं गाव पुढे जातं."

मग अर्धा तास मी नुसता उभा राहून काट्याबरोबर मांडीवर थाप मारत होतो. साठ ठोके मारले की एक मिनिट व्हायला हवं. माझे साठ पन्नासाव्या सेकंदालाच संपायचे. राष्ट्रगीताला ५२ सेकंद लागतात, आणि सर म्हणायचे की ५२ सेकंद किती लांब असतात हे ज्याला कळलं त्याला ड्रम कळला. मला ते नीटसं कळलं नाही. अंगात जोर होता, आणि जोर आला की हात पुढे पळतो.

पावसाळ्यातलं वाजवणं वेगळं होतं. १५ ऑगस्टला हवेत ओल असते आणि कातडं ओल पितं. आदल्या रात्री ताणून ठेवलेला ड्रम सकाळी सैल पडलेला असायचा, वाजवला तर ओल्या गोधडीवर काठी मारल्यासारखा आवाज. मग शिपाईमामा कागदाचा जाळ करायचे आणि आम्ही ड्रम त्यावर धरायचो, सतत फिरवत, एकाच जागी धरला तर कातडं करपतं. हळूहळू पान, म्हणजे ड्रमवरचं ते कातडं, चढायचं, टिचकी मारली की आवाज वर सरकत जायचा. भर पावसात शाळेच्या व्हरांड्यात तो जाळ, कातड्याचा आणि कागदाचा मिसळलेला वास, सहा-सात मुलांचे धुराने लाल झालेले डोळे. पुढे प्लास्टिकची पानं आली आणि हे काम संपलं. आवाज बारा महिने सारखा येऊ लागला. सोय झाली यात शंका नाही, पण ज्याने जाळावर ड्रम चढवलाय त्याच्या कानाला तो सारखेपणा थोडा रिकामा वाटतो.

फेरीचा मार्ग ठरलेला. शाळेतून निघायचं, मंगळ बाजार, मग माणिक चौक, पुढे वळसा घेऊन परत. दुकानदार फळ्या उघडता उघडता थांबायचे. कुणीतरी ओट्यावरून फुलं टाकायचं. पुढे झेंडा, मागे बँड, बँडमागे मुलींचं लेझीम, त्यामागे पाचवीपासून दहावीपर्यंतचे वर्ग, लहान वर्ग सगळ्यात शेवटी. आणि माणिक चौकाच्या तोंडाशी आलं की बँडच्या पुढे दंड घेऊन चालणारा मुलगा दंड आडवा धरायचा. वाजवणं बंद. चौकातून आम्ही न वाजवता जायचो. शेकडो चपला-बुटांचा आवाज फक्त, आणि मधेच लेझमीची चुकून हललेली साखळी. चौक ओलांडला की दंड पुन्हा उभा, आणि पहिला ठोका माझा.

हा नियम आमच्या सरांचा. मी पहिल्या वर्षी विचारलं, "सर, चौकातच तर लोक जास्त असतात, तिथेच का थांबायचं?"

सर म्हणाले, "तिथे ती पोरं चालली तेव्हा त्यांच्याजवळ बँड नव्हता."

ती पोरं कोण, हे नंदुरबारात कुणाला सांगावं लागत नाही. ९ ऑगस्ट १९४२ ला मुंबईत नेत्यांची धरपकड झाली. त्यानंतर बरोबर एक महिन्याने, ९ सप्टेंबरला, इथे मुलांची मिरवणूक निघाली. शिरीषकुमार मेहता नावाचा शाळकरी मुलगा तिरंगा घेऊन पुढे होता. जन्म २८ डिसेंबर १९२६ चा, म्हणजे सोळावं वरीसही पुरं झालेलं नव्हतं. घोषणा गुजरातीत होती, "नहीं नमशे, नहीं नमशे, निशान भूमि भारतनुं", म्हणजे भारतभूमीचं निशाण वाकणार नाही. माणिक चौकात पोलिसांनी मिरवणूक अडवली आणि गोळीबार केला. शिरीषकुमार, लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर, घनश्यामदास शहा. पाच नावं. आम्हाला ती पाढ्यासारखी पाठ होती, आणि पाढ्यासारखं पाठ असलेलं जसं असतं तसंच, त्यांचा अर्थ आमच्यापासून लांब होता. गावात म्हातारी माणसं सांगायची की बंदूक मुलींच्या दिशेने वळली तेव्हा शिरीषकुमार छाती पुढे करून म्हणाला, मारायचं तर मला मार. हुतात्म्यांचं स्मारक चौकात आहे, आणि दर ९ सप्टेंबरला तिथे फुलं वाहतात.

मिरवणुका त्या काळात गावोगाव निघत होत्या. १९३० च्या कायदेभंगापासून प्रभातफेऱ्या रुळल्या होत्या, पहाटे उठून गाणी म्हणत गल्ल्यांतून जायचं. त्या फेऱ्यांना ठेका लागत असेल तो टाळ्यांचा, फार तर एखाद्या डफाचा. रांगेत चालण्याची शिस्त, एका पावलाने जाणं, हे लष्कराकडून आलं, स्काउटकडून आलं, सेवादलाकडून आलं. १९२३ साली डॉ. ना. सु. हर्डीकरांनी हिंदुस्थानी सेवादल काढलं, १९४१ साली राष्ट्र सेवा दल उभं राहिलं. ज्या कवायतीने राज्य चालवणारे आपली फौज चालवत, तीच कवायत इथल्या पोरांनी आपल्या झेंड्यामागे चालायला उचलली. १९४८ साली एनसीसीचा कायदा झाला आणि ती कवायत शाळा-कॉलेजांत सरकारी मानानेच आली. आमचा बँड या सगळ्याचा वारस होता. ड्रम आणि बिगुल फौजेतले, लेझीम आखाड्यातली, झेंडा चळवळीतला. हे तिन्ही एका रांगेत चालायचे आणि कुणाला त्यात काही वेगळं वाटत नसे.

माझ्या दृष्टीने मात्र तेव्हा बँड म्हणजे मी आणि माझा ड्रम. मागे कोण चालतंय हे मी वळून पाहिलं नव्हतं. ड्रम घेऊन वळताही येत नाही.

१९८७ चा २६ जानेवारी. माझी धाकटी बहीण त्या वर्षी पाचवीत आली होती, म्हणजे फेरीच्या अगदी शेपटाला. त्या सकाळी थंडी होती, कातडं ताठ होतं, आवाज असा खणखणीत लागत होता की माझं मलाच भरून येत होतं. मंगळ बाजारात लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि माझा हात सुटला. साइड ड्रमवाल्यांनी एकदोनदा मागे वळून पाहिलं, मला वाटलं कौतुकाने. बासऱ्या धापा टाकत होत्या. चौकात आम्ही थांबलो, शांतपणे गेलो, आणि चौक ओलांडल्यावर मी पुन्हा पहिल्याहून जोरात सुरुवात केली.

घरी आलो तर बहीण ओट्यावर बसून रडत होती. तिच्या एका पायात चप्पल नव्हती. आई अहिराणीत विचारत होती, "तुले काय झाये?" आणि ती सांगत नव्हती. मला पाहिल्यावर सांगितलं.

"भाऊ, तू पळवलं आम्हाला. बाई म्हणत होत्या रांग सोडू नका, पाय मिळवा. पाय मिळवायला आम्ही पळत होतो. माझी चप्पल पडली, उचलायला थांबले असते तर रांग तुटली असती."

मी म्हणालो, "ठोका डाव्या पायावर असतो, तू ठोका ऐकून टाकायचा पाय."

"माझा पाय तुझ्याएवढा लांब आहे का?"

यावर मला काही बोलता आलं नाही. कवायतीतलं पाऊल तीस इंचांचं धरतात, मोठ्या माणसाचं. दहा वर्षांच्या मुलीने तीस इंच टाकायला गेलं तर ती उडीच होते. मी तर १२० च्याही पुढे गेलो होतो. पुढच्या वर्गांनी कसंबसं निभावलं, आणि रांगेत पडलेलं प्रत्येक अंतर मागे सरकत सरकत शेवटच्या पोरांवर जाऊन साचलं. 

दुसऱ्या दिवशी तिने शाळेत सरांना जाऊन सांगितलं. स्वतःहून, एकटीने. पाचवीतली मुलगी, पी.टी.च्या सरांच्या खोलीत. मला आजही तिच्या त्या धीराचा अभिमान वाटतो, त्या दिवशी मात्र संताप आला होता.

सरांनी मला रागावलं नाही. सगळ्या बँडला मैदानावर बोलावलं, पाचवीचा वर्गही आणला. नेहमी मुलांना उभं करताना आज्ञा असते, "लंबा दाहिने, छोटा बाएँ." त्या दिवशी त्यांनी पाचवीतली सगळ्यात बुटकी मुलगी पुढे घेतली आणि म्हणाले, "बेटा, तू चाल, नेहमी चालतेस तशी." ती मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालली. सर हातातल्या घड्याळाकडे बघत पावलं मोजत होते. मग आम्हाला म्हणाले, "हा आपला वेग. फौजेचा वेग फौजेसाठी. बँडने शेवटच्या पावलाला धरून वाजवायचं."

मग त्यांनी एकेकाला मोठा ड्रम देऊन पाहिलं. वेग कमी करायचा म्हटल्यावर सगळ्यांचं तेच व्हायचं, दहा ठोके सावकाश आणि पुढे हात आपोआप पळायला लागायचा. सावकाश आणि एकसारखं वाजवणं हे जोरात वाजवण्यापेक्षा कितीतरी अवघड आहे. शेवटी राहिला त्रिकोण वाजवणारा मुलगा. तो वसतिगृहात राहायचा, धडगावच्या बाजूचा, पावरा आदिवासी. माझ्याच वर्गात होता, पण बोलायचा कमी, कारण त्याने तोंड उघडलं की त्याच्या मराठीवर काही मुलं हसायची. मीही हसलो होतो. सरांनी त्याला ड्रम दिला, तेव्हा पट्टे त्याच्या खांद्यांवर इतके सैल होते की दोन ठिकाणी गाठ मारावी लागली.

त्याने पहिला ठोका दिला, मग दुसरा. पन्नास, शंभर, दोनशे. एकही ठोका पुढे नाही, मागे नाही. सरांनी घड्याळ खिशात टाकलं. सगळं मैदान गप्प होतं आणि तो मुलगा समोर कुठेतरी लांब बघत वाजवत होता.

तो हे कुठे शिकला ते मला पुढच्या वर्षी कळलं, त्याच्याबरोबर होळीला गेलो तेव्हा. सातपुड्यातल्या काठी गावची राजवाडी होळी. रात्रभर नाच चालतो आणि होळी पेटते पहाटे. डोंगरांच्या वाटांनी लोक आदल्या संध्याकाळपासून येत असतात. बुध्या आणि बावा झालेल्या पुरुषांच्या डोक्यावर उंच टोप, मोरपिसं, अंगावर राखेचे ठिपके, कमरेला वाळलेले भोपळे आणि घुंगरं. आणि ढोल. आमच्या बँडचा मोठा ड्रम ज्याच्यापुढे लहान वाटावा असे ढोल, खांद्याला अडकवून वाजवणारी माणसं, आणि त्यांच्या भोवती गोल धरून नाचणारे शेकडो पाय. त्यात म्हातारी होती, कडेवर पोर घेतलेल्या बायका होत्या, सात-आठ वर्षांची मुलं होती. रात्री नऊपासून पहाटे पाचपर्यंत ढोल बदलत गेले, हात बदलत गेले, चाल तीच राहिली. कुणी थकून बाहेर गेलं की परत येऊन त्याच पावलावर मिसळायचं. माझा मित्र तिथे मोठ्यांच्या शेजारी उभा राहून वाजवत होता, आणि मला तेव्हा कळलं की आमच्या मैदानावर तो लांब बघत होता ते कुठे.

"तुला वेग धरायला कुणी शिकवलं?" मी विचारलं.

"कुणी नाही. नाचणारे थांबले की आपण चुकलो," तो म्हणाला.

ड्रम गेल्यावर मी महिनाभर बँडमध्ये गेलो नाही. मग सरांनी निरोप पाठवला की झांजा रिकाम्या आहेत. झांज वाजवणारा मोठ्या ड्रमच्या शेजारी चालतो आणि त्याला मान वळवता येते. मी पहिल्यांदा मागे पाहिलं ते तेव्हा. लेझमीच्या मुली, त्यांच्या मनगटांची एकदम वर जाणारी रांग, त्यामागे वर्गच्या वर्ग, आणि अगदी शेवटी लहान मुलं, चालत असलेली. पळत नसलेली. बहिणीने मला पाहून हात हलवला आणि लगेच खाली घेतला, रांगेत हात हलवायचा नसतो म्हणून.

त्या १५ ऑगस्टला माणिक चौकात दंड आडवा झाला तेव्हा मी आधीसारखा पुढच्या ठोक्याची वाट बघत राहिलो नाही. कान मागे होते. बँड थांबला तरी पावलं एकत्रच पडत होती, अगदी शेवटपर्यंत. ठोका नसताना त्या रांगेत मला पहिल्यांदा त्या पाच जणांची वयं आठवली. दहावी-अकरावीतली मुलं. त्यांच्याही मिरवणुकीत लहान मुलं असतील, मागे, ज्यांना पुढे काय झालं ते दिसलं नसेल, फक्त आवाज आला असेल. पुढचा पाय थांबला म्हणून त्यांचाही थांबला असेल. पाठ केलेली नावं त्या सकाळी पहिल्यांदा माणसं झाली.

लेझमीबद्दल लिहिलं नाही तर बहीण मला माफ करणार नाही, कारण पुढे सातवी ते दहावी ती त्या पथकात होती. मुलींना तेव्हा बँडमध्ये घेत नसत. ड्रम जड, बिगुल फुंकणं मुलींचं काम नव्हे, अशी समजूत. लेझीम काही हलकी नसते. लाकडी दांडा, लोखंडी साखळी, साखळीत पातळ चकत्या, आणि तासभर कमरेत वाकून, उठून, वळून तीच चौकड धरायची. आमच्या गावी गणपती विसर्जनालाही लेझीम असायची. दादा गणपती आणि बाबा गणपती यांची हरिहर भेट बघायला गाव लोटायचं, आणि व्यायामशाळांची लेझीम पथकं गुलालात न्हाऊन खेळत असायची, पुरुषांची. १९८२ साली दिल्लीच्या आशियाई खेळांच्या उद्घाटनात सांगलीच्या पथकाने लेझीम केली, तेव्हापासून शाळाशाळांत तिला नवा मान आला होता. बहिणीला तरी ड्रमच हवा होता. दहावीत तिने सरांना विचारलं, सर हो म्हणाले, आणि ती जायच्या वर्षी बँडमध्ये पहिल्यांदा दोन मुली साइड ड्रम घेऊन चालल्या. ती त्यांपैकी एक. आज त्या शाळेचा अख्खा बँड मुलींचा आहे.

बाकी बदलांची यादी करत बसणार नाही. जिल्हा झाल्यावर मुख्य झेंडावंदन पालकमंत्र्यांच्या हस्ते होऊ लागलं, पोलिसांचा बँड आला, शाळांची पथकं मैदानावर सलामी देऊन परत जाऊ लागली, गावातली फेरी आखूड होत गेली. खान्देशातल्या लग्नांचे बँड मोठे झाले, गाडीवर चढले. आमचा एक बिगुलवाला तिथे ट्रम्पेट वाजवायला गेला आणि त्यावर त्याने दोन मुलांना इंजिनीअर केलं. मग डीजे आले. डीजेबद्दल माझं मत स्पष्ट आहे: त्याच्यामागे कुणालाही चालता येत नाही. लोक ट्रॉलीमागे जागच्या जागी हलत राहतात, ट्रॉली सरकली की सरकतात. चालण्यासाठी वाजवणाराही चालत असावा लागतो, त्याचाही दम लागत असावा लागतो.

माझा मित्र डी.एड. करून आपल्याच भागात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक झाला. तीन वर्षांपूर्वी त्याचा फोन आला. आमच्या जुन्या शाळेत नवा बँड आल्याचं त्याला कळलं होतं, जुनी वाद्यं अडगळीच्या खोलीत आहेत, मुख्याध्यापकांना विचारलंय, ते द्यायला तयार आहेत, तू येतोस का? मी सुरतेहून बहिणीलाही बोलावून घेतलं. अडगळीच्या खोलीत मोठा ड्रम एका बाजूने दबलेला होता, एक पान फाटलेलं, कडं गंजलेलं. बिगूल दोनच उरले होते. आम्ही ड्रम मढवणाऱ्याकडे नेला. त्याने पान काढलं तेव्हा मी बॅटरी लावून आत पाहिलं. पेन्सिलीचे आकडे होते, पुसट, पण होते.

मित्राने कातडी पान नको म्हटलं. "आमच्याकडे पाऊस चार महिने. जाळ करून चढवायला मी असतो, पण माझ्यानंतर कोण?" प्लास्टिकचं पान लावलं. बहिणीने ठोका देऊन पाहिला आणि म्हणाली, "आवाज बदलला." मग थोड्या वेळाने म्हणाली, "चालेल."

ड्रम जीपच्या टपावर बांधला आणि तळोद्याहून चांदसैली घाटाने वर गेलो. घाटात दर वळणाला जीप कलायची आणि टपावर ड्रम आपोआप हलकासा वाजायचा. शाळा डोंगराच्या उतारावर, दोन खोल्या, समोर अंगणाएवढी सपाट जागा. फेरी काढायची म्हणजे चढ किंवा उतार, मधलं काही नाही. दुसऱ्या दिवशी २६ जानेवारी होता.

सकाळी पहिलीपासून पाचवीपर्यंतची चाळीसेक मुलं रांगेत उभी राहिली. झेंडावंदन झालं, राष्ट्रगीत झालं. मग फेरी. मित्राने ड्रम स्वतः गळ्यात घातला, पट्ट्यांना आता गाठी लागल्या नाहीत. तो रांगेच्या पुढे गेला नाही, पाऊलवाटेच्या कडेला, रांगेच्या मधोमध राहिला, म्हणजे त्याला दोन्ही टोकं दिसतील. वाट खाली पाड्याकडे उतरत होती आणि मग नाला ओलांडून वर चढत होती. उतारावर पोरं आपोआप पळायला लागली, त्याने ठोका धरून ठेवला, पोरं थांबली, पुन्हा पावलात आली.

चढ लागला तशी रांग ताणत गेली. पुढची मुलं वर पोचली, सगळ्यात शेवटी पहिलीतली एक मुलगी होती, एका हाताने फ्रॉक सावरत, दगडावरून दगडावर पाय टाकत. मित्राचा हात वर उचललेला होता. त्याने मान वळवून तिच्याकडे पाहिलं, तिचा डावा पाय टेकेपर्यंत थांबला, आणि मग ठोका दिला.